सड्यावरचा हत्ती कुणी शोधला?

आरे-वारेचा चढ चढून गाडी वर आली की सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळतात. खाली दोन पुळणी, मधे समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक, किनाऱ्याला सुरूची बनं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघालेला जवळजवळ प्रत्येक माणूस इथे उतरतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. समुद्र आहेच तसा. पण आता त्याच्याकडे पाठ करा आणि जमिनीकडे बघा. काय दिसतं? काळपट, उघडाबोडका कातळ. कोकणात त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवाल तर चटका बसेल. झाड नाही, सावली नाही, बघण्यासारखं काही नाही असंच कुणालाही वाटेल.

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतले हे सडे म्हणजे भारतातल्या सगळ्यात मोठ्या चित्रशाळांपैकी एक आहेत, असं सांगितलं तर?

आधी हा कातळ म्हणजे काय ते पाहू. ज्या चिऱ्यांनी कोकणातली घरं, विहिरी, देवळांचे पार आणि गडगे बांधले, तोच हा जांभा. लाखो वर्षं धो धो पाऊस मुरत राहिला, मूळ खडकातले विरघळणारे घटक एकेक करून वाहून गेले आणि लोखंड-ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं तेवढी मागे उरली. म्हणून तो लालसर, भोकाभोकांचा. वरचं कवच मात्र टणक आणि काळं पडलेलं. पावसाळ्यात याच कातळावर पाण्याची तळी साचतात, बोटभर मातीत दीपकाडी फुलते, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे पसरतात. नोव्हेंबरपर्यंत सगळं वाळून जातं आणि कातळ पुन्हा उघडा पडतो.

या कवचात कुणीतरी रेघा खोदल्या आहेत. हत्ती, वाघ, हरणं, डुकरं, मोर. समुद्रातले मासे, पाकट, शार्क, कासवं. हातपाय पसरून उभी असलेली माणसं. आणि ज्यांचा अर्थ अजून कुणालाही लागलेला नाही अशा चौकटी, वळणं, भौमितिक नक्ष्या. दीड हजारांहून अधिक आकृत्या नोंदवल्या गेल्या आहेत आणि यादी वाढतेच आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. आपली लाल एसटी त्याच्या पोटात आडवी उभी केली तरी जागा उरेल! आणि ते पोट रिकामं नाही. हत्तीच्या आकाराच्या आत जलचर, पक्षी, जनावरं अशी आकृत्यांची दाटी आहे. एका प्राण्यात सगळी सृष्टी भरलेली.

आता काढणाऱ्याच्या जागी उभे राहा. सडा सपाट आहे. वर चढून बघायला झाड नाही, टेकाड नाही. तुमच्या हातातला दगड टेकतो तिथली वीतभर रेघ तेवढी तुम्हाला दिसते, पूर्ण हत्ती कधीच दिसत नाही. तरी सोंड सोंडेच्या जागी, शेपूट शेपटीच्या जागी, पाठीचा बाक एका सलग वळणात. हे प्रमाण त्या माणसाने डोक्यात कसं धरून ठेवलं असेल? आज आपण ड्रोन उडवतो तेव्हा पडद्यावर अख्खा हत्ती एकदम उमटतो आणि बघणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ज्याने तो काढला, त्याला हे दृश्य बघायला मिळालं नाही.

पण मला त्याहून मोठं नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. ही चित्रं सापडली कशी?

जगात अशा शोधांच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. १८७९ मध्ये स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत वडील जमिनीवर हाडं-हत्यारं धुंडाळत होते आणि त्यांच्या लहानग्या मारियाने वर छताकडे पाहिलं, तर तिथे रानबैल! फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये चार मुलांना सापडली. म्हणजे योगायोग. रत्नागिरीत एकटा योगायोग पुरला नसता, कारण इथे एक गुहा नाही, शेकडो सडे आहेत, मैलोन्‌मैल पसरलेले. त्यांवर कुठे शोधणार?

पेशाने अभियंता असलेले सुधीर रिसबूड, त्यांचे सहकारी धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई हे रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे लोक. यांपैकी कुणीही पगारी पुरातत्त्वज्ञ नव्हतं. निवळीसारख्या थोड्या ठिकाणची चित्रं जाणकारांना माहीत होती, तेवढीच. बाकीची शोधायला हे लोक सुट्टीच्या दिवशी सडे तुडवू लागले, आणि लवकरच त्यांच्या लक्षात आलं की पायांपेक्षा कान जास्त उपयोगी पडणार आहेत. सड्यावर रोज कोण जातं? गुराखी जातो. गवत कापणारी बाई जाते. रानातून दुसऱ्या गावाला पायवाटेने जाणारा म्हातारा जातो. त्यांना विचारायचं.

विचारायचं म्हणजे तरी काय? तुमच्या गावात प्रागैतिहासिक शिल्पं आहेत का, असं विचारलं तर सगळे नाही म्हणतील, आणि ते खरंच असेल. पण कातळावर कुठे काही काढलेलं पाहिलंत का, रेघा, चित्रं, बाहुल्या, असं विचारलं की माणूस क्षणभर थांबतो. मग म्हणतो, हां, तसं आहे खरं.

या मंडळींनी मग एक अप्रतिम युक्ती केली. ते शाळांमध्ये गेले. मुलांना सांगितलं, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांनी सड्यावर असं काही पाहिलंय का. बघता बघता गावोगावच्या पडव्यांमध्ये चौकशी सुरू झाली. ज्या आजोबांनी लहानपणी गुरं राखली होती, त्यांना साठ वर्षांपूर्वीचा एक कातळ आठवला. लोक फोटो पाठवू लागले. एका गावातून दुसऱ्या गावाचा पत्ता लागू लागला. कुठल्याही उपग्रहाच्या छायाचित्रात जे दिसलं नसतं ते नातवंडांनी आजीला विचारून आणलं!

कारण बरीचशी चित्रं दिसतच नव्हती. खोदलेल्या खाचेत माती साचते, मातीत गवत रुजतं, गवत कुजून आणखी माती होते. काही पावसाळ्यांत रेघ बुजून जाते. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तर उघडी रेघही दिसत नाही, सगळा कातळ एकसारखा काळा. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं झालं की खाचेच्या एका काठाची सावली तिच्या तळावर पडते, आणि मघाशी जिथे काही नव्हतं तिथे एक शेपूट दिसायला लागतं. मग खराटा घ्यायचा आणि त्या शेपटाच्या मागे मागे झाडत जायचं. बोटभर रुंद खाच, काठ पाण्यापावसाने गोल झालेले, तळाशी लालसर माती. कधी खाच एका भेगेपाशी संपल्यासारखी वाटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. रेघ वळते, पाय होतो. आणखी वळते, पोट होतं. तोवर कुणालाच माहीत नसतं की आपण कशावर उभे आहोत.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. गावांना ही चित्रं ठाऊक होती, पण महत्त्व कळलेलं नव्हतं, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. काही ठिकाणी लोक या आकृत्यांना पवित्र मानत आले, पूजाही करत आले. देवीहसोळची मोठी चौकोनी नक्षी आर्यादुर्गेच्या देवळाच्या परिसरात आहे. सिंधुदुर्गातल्या कुडोपीत ज्या जागेवर आकृत्यांची गर्दी आहे, तिला गाव बाहुल्यांचं टेंब म्हणतं. सतीश लळित यांनी २०१२ मध्ये ती जागा अभ्यासकांपुढे आणली, पण नाव त्याआधीचं, गावाचं. आणि ही चित्रं पांडवांनी काढली, ही कथा घ्या. तिला अडाणीपणा म्हणून बाजूला टाकू नका. ती कथा दोन गोष्टी सांगते. हे आमच्या पणजोबांनी काढलेलं नाही, आणि हे आमच्या कुठल्याही आठवणीच्या पलीकडचं आहे. पुरातत्त्वज्ञही सुरुवात याच दोन विधानांनी करतात.

गोव्यातही हेच झालं. कुशावती नदीच्या काठी पणसायमळला, गाळाच्या थराखाली झाकलेल्या कातळावर बैल, हरणं आणि एक विलक्षण गोल चक्रव्यूह कोरलेला आहे. गुराख्यांनी वेळ घालवायला काढलेली चित्रं, अशी गावात समजूत होती. १९९३ मध्ये स्थानिकांनीच ती जागा पुराभिलेख खात्याचे डॉ. प्र. पां. शिरोडकर यांना दाखवली आणि मग अभ्यास सुरू झाला.

गावाने जागा दाखवली, आता विज्ञानाने काय दाखवलं? इथून खरी मौज आहे.

चित्र किती जुनं, हे विचारणं सोपं आणि ठरवणं महाकठीण. कोळसा किंवा हाड असेल तर त्यातल्या कार्बनवरून वय काढता येतं. पण खाच म्हणजे काय? नसलेला दगड! जे काढून टाकलं आहे त्याचं वय कसं मोजणार? म्हणून अभ्यासक आडवाटेने जातात. चित्रांत काय आहे ते बघायचं आणि काय नाही तेही बघायचं. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक म्हणून या कामाला हात घालणाऱ्या डॉ. तेजस गर्गे यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. शेकडो आकृत्यांत जनावरं आहेत, मासे आहेत, माणसं आहेत, पण नांगर नाही, शेतीची एकही खूण नाही. म्हणजे काढणारे लोक शिकार करून, मासे मारून, कंदमुळं गोळा करून जगणारे असावेत. शेतीच्या आधीचे. म्हणून त्यांनी दहा-बारा हजार वर्षांचा अंदाज मांडला.

त्यात आणखी एक पुरावा दडलेला आहे. या चित्रांत एकशिंगी गेंडा आहे. रत्नागिरीत गेंडा? आज तो बघायला आसामात जावं लागतं. पण गुजरातेत लांघणज इथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा मध्याश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. त्या लोकांनी ते ऐरणीसारखं वापरलेलं होतं. म्हणजे पश्चिम भारतात गेंडा होता, आणि माणूस त्याला चांगला ओळखत होता. पाणघोडासुद्धा या चित्रांत असल्याचं अभ्यासक म्हणतात, आणि नर्मदेच्या खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म मिळालेले आहेत. माणसाच्या आठवणीतून जे जनावर पार पुसलं गेलं, ते कातळाने जपून ठेवलं.

आणि आता पुन्हा त्या समुद्राकडे बघू या. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती. कोकणापुढचा समुद्रतळ उथळ, हळूहळू उतरत जाणारा. म्हणजे आरे-वारेच्या माथ्यावर त्या काळी कुणी उभं राहिलं असेल तर त्याच्या पायाशी लाटा नव्हत्या. पश्चिमेकडे मैलोन्‌मैल जमीन होती, गवताळ, जनावरांनी भरलेली, आणि किनारा क्षितिजापलीकडे. मग बर्फ वितळलं, समुद्र पिढ्यान्‌पिढ्या वर चढत आला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या जागी येऊन थांबला. या चित्रकारांच्या मोठ्या वस्त्या सड्यांच्या आसपास का मिळत नाहीत, हा प्रश्न अभ्यासकांना सतावतो. कुणी सांगावं, त्यांतल्या काही या निळ्या पाण्याखाली झोपलेल्या असतील.

माणसांचा माग मात्र पूर्ण हरवलेला नाही. सिंधुदुर्गातल्या कोळोशी गावच्या गुहेत उत्खनन झालं आणि तिथे दगडी हत्यारं मिळाली. सड्यावरची चित्रं आणि गुहेतली हत्यारं यांचा सांधा जुळवण्याचं काम चालू आहे.

देवाचे गोठणेचा माणूस तर आणखी एक कोडं घालतो. राजापूर तालुक्यातल्या या गावच्या सड्यावर एक मानवाकृती आडवी कोरलेली आहे. तिच्याजवळ होकायंत्र नेलं की काटा भलतीकडे वळतो. खडकात लोह आहे, त्यामुळे कुठेतरी चुंबकत्व असणं समजू शकतं. पण नेमकं या आकृतीपाशी? अभ्यासक मोजमापं घेतात, गावातला पोरगा मोबाईलमधलं होकायंत्र काढून पाहुण्यांना दाखवतो, आणि दोघांच्या चेहऱ्यावरचं कुतूहल अगदी सारखं असतं.

चित्रं सापडली. आता ती टिकवायची कुणी?

लेणं असतं तर सरकारने फाटक लावलं असतं. सड्याचं तसं नाही. बहुतेक सडे खाजगी जमिनी आहेत आणि कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. एका तुकड्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, काहींची वारस-नोंद व्हायची. त्या जमिनीला भावही आला आहे. जांभा म्हणजे चिरा, चिरेखाण चालली की पैसा. कातळ फोडून माती भरली की हापूसची कलमं उभी राहतात. रस्ता रुंद करायला आलेल्या यंत्राला खालच्या रेघा दिसत नाहीत. अशा वेळी जमीनमालकाला, तुमच्या कातळात हत्ती आहे, तो फोडू नका, असं सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं नव्हे का? त्याची भीती रास्त आहे. आज फोटो काढायला आलेले उद्या जमीन घेऊन जातील, असं त्याला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून उक्षी गावाचं मला फार अप्रूप वाटतं. रत्नागिरी तालुक्यातल्या या गावाच्या सड्यावर एक देखणा हत्ती आहे. तो उजेडात आल्यावर गावाने वाट पाहिली नाही. ग्रामस्थांनी स्वतः पुढाकार घेतला, आकृतीभोवती चिऱ्यांचा कठडा उभा राहिला आणि वरून नीट बघता यावं अशी सोय झाली. जो जांभा फोडल्याने ही चित्रं नष्ट होतात, त्याच जांभ्याचा गडगा त्यांना राखतो आहे! पुढे जांभरूणसारख्या इतर गावांतही लोक आपल्या चित्रांची राखण करू लागले. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. त्यांत रत्नागिरीतल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. त्या यादीत नाव लागण्याआधी या गावांनी आपापल्या कातळावर खराटा फिरवलेला होता.

सगळीकडे गोष्ट इतकी सरळ नाही. बारसूच्या सड्यावर एक माणूस दोन वाघांमध्ये उभा आहे, दोघांना दोन हातांनी आवरून धरल्यासारखा. अशी रचना मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही आहे. याच सड्याच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती तपासायला यंत्रं आली आणि मोठं आंदोलन झालं. रोजगार हवा म्हणणारे होते, जमीन आणि बागा राखणारे होते. त्या सगळ्या वादात हजारो वर्षांपूर्वीचा हा माणूसही एक पक्षकार होऊन उभा राहिला. माझं मत विचाराल तर, जिथे गावाचं म्हणणं आणि कातळाचं म्हणणं दोन्ही न ऐकता निर्णय होतो, तिथे पुरातत्त्व हरतंच.

ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण बघा. वायव्य किनाऱ्यावरच्या मुरुजुगा इथे खडकांवर दहा लाखांच्या घरात कोरीव चित्रं आहेत, आणि शेजारीच वायू व खतांचे कारखाने. तिथल्या मूळ रहिवाशांची स्वतःची संस्था आहे, त्यांचे रक्षक खडकांवर फिरतात, संशोधक त्यांच्या बरोबरीने काम करतात. २०२५ मध्ये मुरुजुगा जागतिक वारसा झालं, ते त्या लोकांच्या पुढाकाराने. तिथे चित्रकारांशी रक्ताचं नातं सांगता येतं. कोकणातल्या वाड्यांना तसं सांगता येणार नाही. मधल्या हजारो वर्षांत किती लोक आले, किती गेले! तरी या कातळावर गुरं यांनीच चारली, पाऊस यांनीच झेलला, रेघांवर पाय पडू नये म्हणून वाट यांनीच वळवली. वारसदार ठरायला आणखी काय लागतं?

चित्रं शोधण्याच्या कामात आता घाई आहे, आणि ती कुठल्या यंत्रामुळे नाही. कोकणात गुरं कमी झाली. गुराखी जवळजवळ संपले. गवत कापायला सड्यावर कुणी जात नाही, नव्या रस्त्यांमुळे जुन्या पायवाटा मोडल्या. ज्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात सड्याचा नकाशा आहे, ती ऐंशीच्या पुढे गेली आहेत आणि नातवंडं मुंबई-पुण्याला आहेत. तुमचं मूळ गाव रत्नागिरी, राजापूर, लांजा, देवगड, मालवण यांपैकी कुठेही असेल तर गणपतीला घरी जाल तेव्हा आजोबांना एवढंच विचारा, की लहानपणी गुरं कुठल्या सड्यावर न्यायचात, आणि तिथे कातळावर काही काढलेलं पाहिलं होतंत का. काही निघालं तर जागा नीट समजून घ्या, जमल्यास त्यांनाच बरोबर न्या. रेघेत खडू किंवा रंग भरू नका, तिच्यावर चपला घालून उभे राहू नका, दगडाने उकरू नका. फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात काढा, जवळ एखादी पट्टी ठेवून, आणि ग्रामपंचायतीला व रत्नागिरीतल्या अभ्यासकांना कळवा. पाऊस पूर्ण थांबेपर्यंत शेवाळ असतं, तेव्हा दिवाळीनंतर गेलात तर अधिक बरं.